पिंपाला गट नसतो

दर २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळ भरतो, घसा फुटेस्तोवर घोषणा देतो आणि गाडी पकडून घरी. मीही तेच करायचो. एका वर्षी शेवटची एस.टी. चुकली, रात्र तिथंच काढावी लागली. तेव्हा तो दिसला.

पन्नाशीचा माणूस. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. स्टेज रिकामं, पुढारी गेलेले, आणि हा एकटाच पाण्याची पिंपं उपडी करतोय. मी विचारलं, "काका, कुठल्या गटाचे?"

"पिंपाला गट नसतो रे बाबा. धर हिकडून."

मी धरलं. दुपारी मी माइकवर वीस मिनिटं क्रांती केली होती. पण त्या दिवसातलं माझं खरं काम एवढंच.

मग बोलत बसलो. महिनाभर आधीपासून याची पायपीट. पावतीपुस्तक, पोलिसांची परवानगी, टँकर, लेकुरवाळ्या बायांसाठी आडोसा, चुकलेली पोरं त्यांच्या आईबापाकडं पोचवणं. एवढं करून कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही. रजा मात्र बिनपगारी.

आता इतिहास बघा. कौन्सिलात बोल्यांचा ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केलं, पण कागदावर! कागदानं कुणाची तहान भागत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद उभी राहिली ती राबणाऱ्या माणसांमुळं. रामचंद्र बाबाजी मोरे त्यात पुढं होते. तेव्हा चोविशीतलं पोर! आणि त्या परिषदेला प्यायला पाणी नव्हतं. चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. हे वाक्य आपण भाषणात फेकतो, टाळ्या घेतो. पण ते पाणी कुणी आणलं, कुणी वाढलं? हजारो माणसांच्या जेवणाचं कुणी बघितलं? तळ्यावरून परतल्यावर मंडपात जेवणाऱ्यांवर सनातनी गुंड तुटून पडले, तेव्हा जखमींना कुणी उचललं? आपल्याला त्यातली किती नावं पाठ आहेत?

कुणी म्हणेल, मग नेते नकोत काय? हवेत. बाबासाहेब नसते तर तळ्याकडं पाऊल पडलं नसतं. पण त्या पावलामागं हजारो पावलं होती आणि ती गावोगाव हिंडून कुणीतरी गोळा केली होती. आज आपल्याकडं माइक धरणारे हात शंभर, सतरंजी उचलणारे दोन. चळवळ फुटते ती इथं. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला खालचा ठरवणारी व्यवस्था आपण जाळायला निघालो, आणि तीच उतरंड आपल्याच मंडपात मांडून बसलो. वर बोलणारे, खाली उचलणारे!

म्हणून म्हणतो, त्याचा सत्कार करू नका. शाल-श्रीफळ ही प्रस्थापितांची चाल. नारळ दिला की माणूस निकालात. त्याला हात द्या. जो बोलेल तो सतरंजी उचलेल, असा नियम करा. जमाखर्च भिंतीवर लावा. त्याची बुडालेली मजुरी वर्गणीतून भरून द्या. बैठकीत ठराव करताना आधी त्याला विचारा, कारण काय जमतं नि काय नाही ते त्यालाच ठाऊक.

पुढच्या वेळी मी १९ मार्चलाच जाणार. भाषण करणार नाही. पिंपं किती लागतील, तेवढं त्याला विचारून ठेवलंय.

तुम्ही कधी येताय?