घाटातले इंजिन आणि शाळेतला संगणक

शाळेच्या संगणकावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. ती शुद्ध ६४-बिट ठेवावी, की जुन्या ३२-बिट आज्ञावल्याही चालतील अशी मिश्र ठेवावी? बहुतेक जण 'असू द्या दोन्ही, कधीतरी लागेल' असे म्हणून मोकळे होतात. हे उत्तर सोयीचे आहे, पण विचारपूर्वक दिलेले नाही, असे माझे मत आहे.

प्रथम हा भेद समजून घेऊ. ३२-बिट आज्ञावली स्मृतीतील प्रत्येक जागेचा पत्ता ३२ द्विमान अंकांनी लिहिते. असे वेगवेगळे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. म्हणून ४ गिगाबाइट ही तिच्या स्मृतीची सीमा ठरते. १९८५ साली इंटेलचा ८०३८६ हा प्रक्रियक आला तेव्हा ही सीमा अफाट वाटत होती. पुढे ती अपुरी पडू लागली. २००३ मध्ये एएमडी कंपनीने आपले ६४-बिट प्रक्रियक बाजारात आणले आणि त्यांत जुन्या ३२-बिट आज्ञा चालवण्याची सोयही ठेवली.

मग अडचण कोठे आहे? आज्ञावली कधी एकटी चालत नाही. अक्षरे दाखवणे, आवाज काढणे, फाइल उघडणे ही कामे ती सामाईक लायब्ररींकडून करून घेते. एकीचा पत्ता ४ बाइटचा आणि दुसरीचा ८ बाइटचा, त्यामुळे ३२-बिट आज्ञावलीला ६४-बिट लायब्ररी थेट वापरता येत नाही. म्हणून मिश्र पद्धतीत तीच लायब्ररी दोनदा ठेवावी लागते. जागा जास्त लागते. एखाद्या लायब्ररीत दोष सापडला, तर दुरुस्तीही दोन्ही प्रतींत करावी लागते. एक प्रत विसरली, तर दोष घरातच राहतो.

असाच प्रश्न आपल्या लोणावळ्याच्या रेल्वेपुढेही होता. कल्याण ते पुणे हा मार्ग १९२९ साली १५०० व्होल्टच्या एकदिश विद्युतप्रवाहावर चालू झाला आणि १९३० मध्ये त्यावरून डेक्कन क्वीन धावू लागली. देशात इतरत्र पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह रूढ झाला. तेव्हा हा मार्गही बदलणे आले. परंतु सगळा मार्ग एका रात्रीत बदलत नाही. घाटाच्या बाजूला नवा प्रवाह आला, तरी मुंबईच्या बाजूला काही वर्षे जुनाच होता. त्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने उपयोगी पडली. ती नसती, तर वाटेत इंजिन बदलावे लागले असते.

या सोयीची किंमत होती. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी लागणारा अवजड ट्रान्सफॉर्मर जुन्या प्रवाहाखाली नुसते ओझे म्हणून वाहावा लागे. भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे प्रत्येक टन वजन वर नेण्यास घर्षणाखेरीज सुमारे २७ किलोग्रॅम-भार इतका जादा जोर लागतो. हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. २०१६ मध्ये मुंबईचा हार्बर मार्गही बदलला आणि १५०० व्होल्टच्या प्रवाहाचे पर्व संपले. मिश्र इंजिन हा पूल होता. पूल ओलांडण्यासाठी असतो, त्यावर कोणी घर बांधत नाही.

संगणकात निवड कितपत आपल्या हाती असते? विंडोज ११ मध्ये ३२-बिट आज्ञावल्या चालवण्याची सोय आधीच असते. १६-बिट मात्र चालत नाहीत. अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ३२-बिट आज्ञावल्या पूर्ण बंद केल्या. लिनक्समध्ये खरी निवड करता येते. डेबियन शुद्ध बसवून, गरज पडली तर ३२-बिट भाग नंतर जोडता येतो. जेंटूमध्ये मात्र शुद्ध मार्ग घेतल्यावर मिश्राकडे वळणे कठीण असते. म्हणून विचार आधी करावा.

माझी सूचना अशी आहे. शाळेत दहा संगणक असतील, तर नऊ शुद्ध ६४-बिट ठेवावेत. दहावा मिश्र ठेवावा आणि त्यावर कोणती जुनी आज्ञावली कशासाठी चालते, याची यादी चिकटवावी. यादीतील प्रत्येक नावापुढे ती कधीपर्यंत लागणार हेही लिहावे. दरवर्षी जून महिन्यात यादी तपासावी. ती रिकामी झाली, की दहावा संगणकही शुद्ध करावा.

यावर शिक्षक विचारतील, 'आमच्या वीस वर्षांच्या मराठी प्रश्नपत्रिकांचे काय?' हा आक्षेप रास्त आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत भलत्याच अक्षराचा क्रमांक साठवलेला असतो. तो फाँट आणि तो टंकन-कार्यक्रम गेला, की मजकूर निरर्थक चिन्हांचा होतो. पण जुनी आज्ञावली जन्मभर जगवणे हा त्यावर उपाय नव्हे. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हा उपाय आहे. दहावा संगणक मुख्यतः त्याच कामासाठी हवा. जपायचे आहे ते शिक्षकांचे श्रम, आज्ञावली नव्हे.

मुदत आपण घातली नाही, तर ती बाहेरून येते. अनेक जुन्या ३२-बिट आज्ञावल्या वेळ म्हणजे १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तो आकडा भरेल आणि पुढच्या सेकंदाला त्यांचे घड्याळ १९०१ सालात जाईल. विद्यार्थीमित्रांनो, तेव्हा तुम्ही नोकरी-व्यवसायात असाल. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम तुमच्या वर्गाला याच वर्षी हाती घेता येईल. तुमच्या शिक्षकांना तसे विचारून पाहा.