भुकेच्या नावाने सरकी

जनुकीय बियाण्यांच्या एका कट्टर वकिलाचं भाषण परवा ऐकलं. म्हणणं थोडक्यात असं: 2050 पर्यंत जगाची लोकसंख्या हजार कोटींच्या घरात जाणार, जुन्या वाणांनी एवढी पोटं भरणार नाहीत, सबब या पिकांना आडवा येणारा माणूस गरिबाच्या पोराच्या तोंडचा घास काढतो. टाळ्या पडल्या. घास काढणाऱ्यांत माझीही गणती होत असल्यामुळे बोलणं भाग आहे.

आधी घासाचाच हिशेब. जग आजच वर्षाला 280 कोटी टनांच्या आसपास धान्य पिकवतं. माणसं 800 कोटी. तान्ह्या बाळासकट दरडोई दिवसाला जवळजवळ किलोभर झालं. तरी 70 कोटींच्या आसपास लोक अर्धपोटी, कारण बरंचसं धान्य कोंबड्या-डुकरं खातात, काही मोटारी पितात आणि उरलेलं विकत घ्यायला भुकेल्याच्या खिशात दमडी नसते. जनुकीय पिकांखालची जवळजवळ सगळी जमीन सोयाबीन, मका, कापूस आणि कनोला यांनी व्यापलीय. त्यातला मका-सोयाबीन मुख्यतः दावणीला नाहीतर इथेनॉलच्या टाकीत जातो. कापूस तर नेसायचा. जगाची भूक भागवायला निघालेली ही फौज वाटेत भलत्याच गावी मुक्काम करून बसलीय.

जनुकीय ‘सोनेरी तांदूळ’ म्हणाल, तर त्याचा गाजावाजा 2000 सालचा. आणि तो होता अ जीवनसत्त्वासाठी, रिकाम्या पोटासाठी नव्हे.

मला खरी चीड आली ती पुढच्या वाक्याची. “विदर्भाला विचारा, बीटीने काय क्रांती केली ती!” विचारू या की.

2002 साली बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या जनुकीय वाणाला, परवानगी मिळाली. पहिली काही वर्षं हिरव्या बोंडअळीची खोड मोडली, फवारण्या घटल्या, उतारा वाढला. हे नाकारणारा खोटं बोलतो. पण बियाणं आलं ते बहुतेक सगळं संकरित. म्हणजे दर जूनला नवं पाकीट. 450 ग्रॅमच्या त्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या सरकीची पुडी असायची. ती शेताच्या कडेने टोबायची. तिच्यावर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग आतल्या चिवट पतंगांशी जोडी जमवतील आणि चिवटपणा पसरणार नाही, असं शास्त्र. शास्त्र बरोबरच होतं. फक्त चार एकरांचा मालक आपल्या कडेच्या ओळी अळीला आंदण देईल, हे कुठल्या थंडगार खोलीत ठरलं देव जाणे. पुडी धुऱ्यावर फेकली गेली.

त्यातही संकरिताची आणखी एक गंमत आहे. एका जनुकाच्या संकरित वाणात एकाच बोंडातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या सरकीत विष उतरतच नाही. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी-शेजारी मांडून आपण तिची तालीमच घेतली. वर लांब मुदतीची पऱ्हाटी, पाणी असेल तिथे त्याच झाडांची मार्चपर्यंत फरदड, म्हणजे अळीला बारमाही खानावळ. 2010 मध्ये गुजरातेत अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं बियाणं विकणाऱ्या कंपनीलाच कबूल करावं लागलं. 2017 मध्ये आपल्याकडे दुसरं जनुक जोडलेलं वाणही कोलमडलं.

ऑक्टोबरात पऱ्हाटीत शिरा. फूल उमलायच्या जागी गुलाबाच्या कळीसारखं मिटून बसलेलं दिसेल; ती डोमकळी. सोडवलीत तर आत अळी. बोंड वरून धडधाकट, फोडलं की सरकी पोखरलेली, रुई पिवळी, आणि व्यापारी तिला कवडी म्हणून बाजूला सारतो. त्याच 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली. फवारणी वाचवायला आणलेल्या बियाण्याच्या पिकात!

आणि हेच जनुक अमेरिकेत काय करून गेलं? तिथे 2018 साली गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन जाहीर झालं. बीटी होतंच, जोडीला नपुंसक पतंग सोडले, पऱ्हाट्या वेळेवर गाडल्या, लक्ष ठेवलं. फरक पडला तो व्यवस्थेमुळे. भाषणात व्यवस्थेचा उच्चार नव्हता.

‘विरोधकांना विज्ञान कळत नाही’ हा आक्षेपही होता. बीटी खाऊन वांझपण येतं असं सांगत फिरणाऱ्यांना खरंच कळत नाही. त्यांना आमच्यात मोजू नये.

वांग्याचं जुनं भांडणही उकरून झालं. बीटी वांग्यावरच्या 2010 च्या सरकारी स्थगितीने म्हणे गरिबाचं नुकसान झालं. बीटी वांगं मिळालं नाही म्हणून भूकबळी गेल्याचं ऐकिवात नाही. उलट बांगलादेशाने 2014 पासून ते लावलं तेव्हा सार्वजनिक संस्थेचे सरळ वाण निवडले. शेतकऱ्याला बी घरी राखता येतं. आमच्या वकिलांनी बांगलादेशाचं नाव दोनदा घेतलं, ही गोष्ट मात्र गिळली.

मग हवं काय? सरळ वाणांत जनुक, पाच महिन्यांत आटोपणारी पऱ्हाटी, दाट लागवड, डिसेंबरअखेर रान मोकळं. सार्वजनिक संशोधकांनी 2009 साली असं एक सरळ बीटी वाण बाजारात आणलंही, पण त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली आणि विक्री बंद पडली. लाजिरवाणंच झालं, तरी वाट तीच आहे. भुकेपुरतं बोलायचं तर रेशनवर गहू-तांदळाजोडीला ज्वारी आणि तूर बारा महिने मिळू द्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची फाइल अडलेली नाही.