निक ड्रेकची गिटार आजारी नव्हती

निक ड्रेकचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: बिचारा, सव्विसाव्या वर्षी गेला. मग ‘पिंक मून’मधलं एखादं गाणं फॉरवर्ड होतं, सोबत पावसाचा फोटो आणि तुटलेलं हृदय. १९७२ साली आलेल्या या अल्बमचा आपण केसपेपर करून टाकलाय. गाणी ऐकायची ती रोगाची लक्षणं शोधत. मला याची चीड येते, आणि ती फक्त संगीतापुरती नाही.

आधी अल्बमबद्दल. ऑक्टोबर १९७१, लंडनमधला साउंड टेक्निक्स स्टुडिओ. आत दोघंच: ड्रेक आणि साउंड इंजिनिअर जॉन वूड. दोन रात्रींत ११ गाणी, सगळी मिळून साधारण २८ मिनिटं. एक आवाज, एक गिटार. वरून जोडलेली गोष्ट एकच, ती म्हणजे शीर्षकगीतातला पियानोचा छोटा तुकडा. ड्रेक तेव्हा २३ वर्षांचा होता.

आधीच्या दोन अल्बममध्ये त्याच्या दिमतीला रॉबर्ट कर्बीने बांधलेली व्हायोलिन-चेलोची साथ होती, ड्रम होते, ब्रास होतं. जॉन केल येऊन वाजवून गेला होता. म्हणजे भरगच्च गाणं कसं करतात हे त्याला पुरेपूर माहीत होतं. ते सगळं करून झाल्यावर त्याने ते बाजूला ठेवलं. याला खचणं म्हणत नाहीत, निवड म्हणतात. प्रौढपणा वयात नसतो, काय नको हे कळण्यात असतो.

आणि साधेपणाला भुलू नका. शीर्षकगीतासाठी गिटारच्या सहापैकी पाच तारा नेहमीच्या सुरांवरून हलवल्या आहेत, सर्वांत जाड तार तर ‘ई’वरून ‘सी’पर्यंत खाली आणली आहे. ‘नो’ या गाण्यात शब्द चारच ओळींचे, बाकी गिटारचा एकच तुकडा हट्टाने फिरत राहतो. ‘हॉर्न’मध्ये तर शब्दच नाहीत. शेवटचं ‘फ्रॉम द मॉर्निंग’ इतकं उजळ आहे की त्यातलीच एक ओळ त्याच्या थडग्यावर कोरली गेली. हा अल्बम म्हणजे निरोपाची चिठ्ठी, असं म्हणणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत ऐकलाय का, अशी शंका येते.

“पण तो आजारी होताच ना?” होता. नैराश्य खरं होतं, ते कुणी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की त्या आजाराने गाण्याला दिलं काय?

याचं उत्तर १९७४ मध्ये मिळतं. ड्रेक पुन्हा स्टुडिओत आला, निर्माता जो बॉइड आणि तोच जॉन वूड सोबत. आता त्याला एकाच वेळी गाणं आणि वाजवणं जमेना. गिटार आधी, आवाज नंतर, असं वेगवेगळं रेकॉर्ड करावं लागलं. तीन वर्षांपूर्वी हाच मुलगा हे दोन्ही एकदम, दोन रात्रींत करून गेला होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. आजाराने त्याला ‘पिंक मून’ दिला नाही, पुढचा ‘पिंक मून’ हिरावून घेतला.

म्हणून ‘दुःखातूनच खरी कला येते’ हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही. आपल्या वयाची कितीतरी लिहिणारी-वाजवणारी मुलं डॉक्टरकडे जायचं टाळतात, कारण गोळ्या घेतल्या तर आतलं काहीतरी विझेल अशी भीती वाटते. ती भीती त्यांना आपणच पुरवतो, आजाऱ्याला संत करून आणि त्याच्या मेहनतीला लक्षण ठरवून.

‘पिंक मून’ जरूर ऐका. पण त्या मुलाची कीव करत नको. त्याची बोटं काय करताहेत, त्याकडे कान द्या.