पास कुणाच्या मर्जीवर? लोकसभा अध्यक्षांना खुले पत्र

माननीय ओम बिर्ला,
अध्यक्ष, लोकसभा, नवी दिल्ली



मी कोकणातला बातमीदार. तीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितो आहे. संसदेच्या पत्रकार कक्षात बसण्याचा योग कधी आला नाही आणि आता येईल असंही वाटत नाही. तरीही त्या कक्षाबद्दल आपल्याला लिहितो आहे, कारण तिथे कोण बसतं यावर आमच्या बाजारपेठेत सकाळी काय वाचलं जातं ते ठरतं.

29 जुलै 2024 ला नव्या संसद भवनाच्या मकरद्वारापाशी पत्रकारांना काचेच्या खोलीत थांबवण्यात आलं. खासदार येता-जाता दोन मिनिटं थांबतात, बोलतात, ती हीच जागा. विरोधी पक्षनेत्यांनी सभागृहात विषय काढला. आपण पत्रकारांना भेटलात, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलंत. ही भेट मला मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिच्या पुढचं मागायचा धीर होतो आहे. जी काच एका सकाळी उभी राहते आणि अध्यक्षांनी मनावर घेतलं तरच बाजूला होऊ शकते, ती पुढल्या अधिवेशनात परत उभी राहायला काय वेळ लागणार?

कोविडमुळे 2020 मध्ये पत्रकार कक्षातल्या प्रवेशावर मर्यादा आल्या. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आम्हीही तोंडाला फडकी बांधून हॉस्पिटलच्या आवारात उभे राहून बातम्या दिल्या. पण बाजार उघडले, थिएटरं उघडली, निवडणुकीच्या सभा भरल्या, तरी कक्षाचं दार किलकिलंच राहिलं. 2 डिसेंबर 2021 ला पत्रकारांना प्रेस क्लब ऑफ इंडियापासून संसदेच्या दिशेने मोर्चा काढावा लागला. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे मोर्चे टिपले ते स्वतः हातात फलक घेऊन चालत होते. मोजक्याच जागा वाटायच्या म्हटल्या की आधी कोण गळतं, हे सांगायला दिल्लीचा अनुभव लागत नाही. प्रादेशिक भाषेतली छोटी वृत्तपत्रं गळतात आणि स्वतंत्रपणे लिहिणारे गळतात.

सुरक्षेचं कारण मी हलकं मानत नाही. पण 13 डिसेंबर 2023 ला लोकसभेत ज्या दोघांनी उड्या मारून पिवळा धूर सोडला, ते प्रेक्षक कक्षातून आले होते आणि त्यांचे पास एका खासदारांच्या शिफारशीवर निघाले होते. अधिस्वीकृतीधारक पत्रकाराची तर पोलिसांकडून पडताळणी झालेली असते. कक्षात जाताना तो फोन बाहेर ठेवतो, वही आणि पेन घेऊन बसतो.

त्या वहीत काय येतं, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. कामकाज संसद टीव्हीवर दिसतं, मग पत्रकार कशाला, असं आता सर्रास विचारलं जातं. कॅमेरा कुठे वळवायचा हे सभागृहाची यंत्रणा ठरवते. गोंधळ सुरू झाला की पडद्यावर बहुतेक वेळ आपणच दिसता. त्या वेळी कोणता बाक रिकामा झाला, कोणत्या मंत्र्याकडे चिठ्ठी गेली, मित्रपक्षाचा कोण मान खाली घालून बसून राहिला, हे वर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं. बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार होते तेव्हा थेट प्रक्षेपण नव्हतं. त्यांनी दिल्लीत काय मांडलं आणि समोरच्या बाकांवर कशी शांतता पसरली, हे कोकणाला कळलं ते वर बसून लिहून घेणाऱ्यांमुळे.

हे लिहून घेण्यालाही संरक्षण लागतं, हे संसदेनेच ओळखलं होतं. फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणलं आणि 1956 मध्ये संसदेच्या कामकाजाचं प्रामाणिक वार्तांकन करणाऱ्याला खटल्यांपासून वाचवणारा कायदा झाला. आणीबाणीत, 1976 साली, तो रद्द झाला. 1977 मध्ये परत आला आणि पुढच्याच वर्षी 44 व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण राज्यघटनेत 361 क या कलमात गेलं. कायद्यात असलेलं एकदा पुसता आलं, म्हणून ते घटनेत लिहून ठेवलं गेलं. पण आत जाताच येत नसेल तर ते कलम वापरायचं कुणी?

एक माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बड्या नेत्याची पत्रकार परिषद शासकीय विश्रामगृहात होती. दारात एक तरुण यादी घेऊन उभा. चॅनेलवाले बूम घेऊन आत गेले, मोठ्या दैनिकांचे गेले. माझं नाव नव्हतं. आधीच्या आठवड्यात मी काजू बागायतदारांच्या थकलेल्या भरपाईची बातमी दिली होती. त्याचा संबंध होता की नव्हता, कुणी सांगितलं नाही. विचारल्यावर तो तरुण म्हणाला, “वरून यादी आलीय, काका.” मी पावसात पागोळ्यांखाली उभा राहिलो. तासाभराने प्रेसनोट हातात पडली. तिच्यात सगळ्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं दिल्याचं लिहिलं होतं. आतून आलेल्या मित्राने हळूच सांगितलं की भरपाईचा विषय निघाला आणि साहेब उठले.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ती प्रेसनोटच छापून आली.

त्यानंतरचं कबूल करायला जड जातं, पण करतो. पुढच्या परिषदेला यादीत नाव होतं, तेव्हा मी प्रश्न विचारला तो जरा बेताचाच. ओठांवर आलेला शब्द गिळला. कुणी धमकी दिली नव्हती. नाव पुन्हा गळेल एवढी धास्ती पुरली. अध्यक्ष महोदय, ज्याचा पास दर अधिवेशनाला नव्याने मिळवावा लागतो, त्या दिल्लीतल्या बातमीदाराच्या मनात याहून वेगळं काही चालत असेल असं मला वाटत नाही. पास मेहेरबानीने मिळाला की लेखणी आपोआप ऋणात राहते.

सदस्य नसलेल्यांना बाहेर काढण्याचा अधिकार सभागृहाला आहे, तो आम्ही नाकारत नाही. मागणं इतकंच की कोणाला आत घ्यायचं याचा नियम लेखी असावा, तो सगळ्यांना वाचता यावा, आणि पास नाकारला तर कारण कागदावर मिळावं. जागा खरोखरच अपुऱ्या असतील तर पाळी लावा. त्या पाळीत मराठी, कन्नड, ओडिया, आसामी पत्रांची नावं इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीने फिरू द्या आणि तक्ता संसदेच्या फलकावर लावा. जुन्या सेंट्रल हॉलमध्ये ज्येष्ठ पत्रकार खासदारांशी चहा घेत बोलत बसत. तशी एखादी जागा नव्या इमारतीतही मोकळी ठेवा. आणि मकरद्वारापाशी उभं राहायची मुभा कुठवर आहे, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

पुढच्या अधिवेशनाची सूचना सदस्यांना जाईल त्याच दिवशी हा नियम आणि हा तक्ता जाहीर करावा, ही विनंती. तो मी आमच्या अंकात पहिल्या पानावर छापेन.

आपला नम्र,
कोकणातला एक बातमीदार