आढ्यावरचं गाव

मलकापूर स्टेशनवर उतरून बुलढाण्याची एसटी पकडली, की मोताळ्याच्या पुढे राजूर घाट लागतो. सहा महिने पुण्यातल्या एसीत काढल्यावर घाटातला वारा लागला, की मोबाईल आपोआप पर्समध्ये जातो. गेल्या पावसाळ्यात घाटातच गाडी थांबली. पुढे ट्रक बंद पडलेला. शेजारच्या काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"पोरी, हा डोंगर म्हनजे घराचं आढं हाय. इकडचं पानी सुरतेले जाते, अन् तिकडचं पार बंगालले."

मला वाटलं, काका फेकतायत. घरी जाऊन नकाशा उघडला, तर काका शंभर टक्के बरोबर! घाटाखालची नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. घाटावर बुलढाणा तालुक्यातच उगम पावणारी पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात. गंमत म्हणजे जिल्ह्यात पूर्णाही दोन. घाटाखालची तापीची, तर दक्षिणेकडची, जिला आपण खडकपूर्णा म्हणतो, ती गोदावरीची. नाव एक, समुद्र दोन!

मधल्या या डोंगररेषेला भूगोलात जलविभाजक म्हणतात. शाळेत वाटायचं, देवाने ही रेष एकदा आखली आणि विषय संपला. पण दोस्तहो, ही रेष सरकते.

कशी? बुलढाणा साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर, मलकापूर अडीचशेच्या आसपास. म्हणजे उत्तरेकडचं पाणी थोड्या अंतरात चारशे मीटर खाली येतं. दक्षिणेकडे मात्र पठार निवांत उतरत जातं. दगड सारखा आणि पाऊस सारखा असेल, तर तीव्र उतारावरचा ओढा जास्त जोरात खोदतो. तो फक्त खाली खोदत नाही, स्वतःच्या उगमाकडे मागे मागेही खात जातो. कडा ढासळतो, रेष पलीकडे सरकते. असं करत एखादा ओढा पलीकडच्या नदीपर्यंत पोचला, की तिचं वरचं पाणी सरळ आपल्याकडे वळवतो. याला नाव आहे, नदीचौर्य! शेजारची टीम आपला क्लायंट पळवते ना, सेम तसंच. फरक इतकाच, की याचं अप्रेझल लाखो वर्षांनी होतं.

२०१४ मध्ये शॉन विलेट आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये यावर एक गाजलेला अभ्यास मांडला. चीनचं लोएस पठार, तैवान आणि अमेरिकेचा आग्नेय भाग इथल्या नद्यांच्या जाळ्यावरून त्यांनी दाखवलं, की कोणती रेष कुठल्या बाजूला सरकतेय हे ओळखता येतं. थोडक्यात, नद्यांचा नकाशा अजून फायनल झालेलाच नाही.

आणि माणसाला लाखो वर्षं थांबायला वेळ कुठाय? २०२४ मध्ये राज्य सरकारने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. भंडाऱ्याजवळच्या गोसीखुर्द धरणातून सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने पाणी नळगंगेपर्यंत आणायचं. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी तापीच्या खोऱ्यात. वळचणीचं पाणी आढ्याला, तेही सरकारी मोहोर उठवून!

मी यावर हसणार होते. मग आत्या आठवली. ती घाटाखाली, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात राहते. विहिरीला पाणी आहे, पण ते खारट. प्यायला नको, पिकाला नको. "कालवा आला तं पाहू," एवढंच ती म्हणते. तिच्यासाठी ही भूगोलाची गंमत नाही, शेतात हरभरा येणार की नाही याचा प्रश्न आहे.

पण वैनगंगेच्या काठीही कुणाची तरी आत्या असेलच ना? नदी नदीचं पाणी पळवते, तेव्हा हरकत घ्यायला कोणी नसतं. आपण वळवतो, तेव्हा घेणाऱ्याइतकंच देणाऱ्यालाही विचारावं लागतं, आणि ते कालवा खणायच्या आधी.

ट्रक हलला, एसटी घाट चढून वर आली. काका एव्हाना घोरत होते. बाहेर पाऊस दोन्हीकडे सारखाच पडत होता.