लिंक टाका की कुणीतरी!

आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळचे साडेसात वाजायला आले की रेणापूर तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच धावा सुरू होतो : "लिंक टाका की कुणीतरी!" त्याच ग्रुपवर सकाळी रेणुकामातेचा फोटो आलेला असतो, दुपारी कुणाच्या तरी निधनाची बातमी आणि तिच्याखाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग. संध्याकाळी सामना चोरून, फुकट दाखवणारी लिंक येते. टाकणाऱ्यावर अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा वर्षाव होतो. "भाऊ, एकच नंबर!" गावची नाली काढून देणाऱ्याला जो मान मिळत नाही, तो चोरीचा माल वाटणाऱ्याला मिळतो. त्या ग्रुपात गुरुजी असतात, पंच असतात, हरिनाम सप्ताहाची पावती फाडणारेही असतात. "हे आपलं नव्हं" असं म्हणणारा एकही निघत नाही.

मी याला चोरी म्हणतो, आणि शब्द मऊ करायची माझी तयारी नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा आकडा कानावर पडताच आपल्यातला हुशार माणूस म्हणतो, "एवढे कोटी ज्यांच्याकडं, त्यांचं आपल्या एका मोबाइलनं काय बिघडतंय?" तारेवर आकडा टाकणारा महावितरणबद्दल हेच म्हणतो. एसटीत तिकीट चुकवणारा हेच म्हणतो. टेबलाखालून नोटा घेणारा बाबूही मनात हाच हिशेब मांडतो. ज्याला लुटायचे तो मोठा आहे, एवढ्यावर लुटीला माफी मिळू लागली, तर बाबूला शिव्या देण्याचा हक्क आपण कुठून आणणार?

आणि हे बोलतो कोण? आपण! केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीतून जे काही हाती लागले ते घेऊन शेतकरी लातूरच्या आडतीवर गेला, तर ओल किती, डाग किती, असे म्हणत भाव खाली खाली आणला गेला. आपण चिडलो. चिडायलाच हवे होते. रान आमचे, बियाणे आमचे, राबणारे हात आमचे, मग भाव ठरवणारा तू कोण, हा आपला प्रश्न शंभर टक्के खरा आहे. पण हाच प्रश्न कॅमेरा उचलणाऱ्याने, गाणे बांधणाऱ्याने, संवाद लिहिणाऱ्याने विचारला, तर आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार आहोत? आडत्या निदान थोडेफार तरी देतो. आपण तर काहीच देत नाही, आणि वर त्याला अक्कल म्हणतो. स्वतःच्या घामाला हमीभाव मागणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या घामाची किंमत शून्य धरावी, याहून मोठा ढोंगीपणा मला दिसत नाही.

गरिबीचे कारण पुढे करू नका. ज्याच्या घरात रोजगाराशिवाय चूल पेटत नाही, त्याच्याविषयी माझी तक्रारच नाही; त्याला संध्याकाळी सामना बघायला सवडही नसते. मी बोलतोय ते ज्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात झळकतो त्याच्याशी. वरातीत डीजेला हजारो रुपये मोजणाऱ्याशी, लेकीच्या लग्नात हजार पानं उठली हे वर्षभर सांगणाऱ्याशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयपीएल दाखवणारे जिओहॉटस्टार ॲप सुरू झाले तेव्हा मोबाइलपुरता तीन महिन्यांचा दर १४९ रुपये होता. महिन्याला पन्नास रुपये! दिवसाकाठी दोन-चार गुटख्याच्या पुड्या तोंडात रिचवणाऱ्याला हे परवडत नाही?

कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हेही नोंदवतो. २०२३ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दाखवली, साऱ्या देशाला चटक लावली आणि दोन वर्षांत पैशाची पाटी लावली. एक सामना या ॲपवर, दुसरा त्या ॲपवर, सिनेमासाठी आणखी तिसरी वर्गणी, अशी माणसाची दमछाक ते करतात. त्यांना जाब विचारा, वर्गणी बंद करा, सामना न पाहता झोपा. तुमचा निषेध तेव्हा खरा. चोरून पाहणे हा निषेध होत नाही.

शिवाय प्रामाणिक फुकटही आपल्याकडे आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसारभारतीला द्यावेच लागेल, असा कायदा २००७ मध्ये झाला. त्यामुळे भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनवर दिसतात. छपरावर फ्री डिशची छत्री असली की महिन्याचे भाडेही नाही. ते आपल्याला पुरत नाही. बरे, खेळाचे एवढे वेड, तर जानेवारी २०२५ मध्ये आपण कुठे होतो? दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पोरींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार होती प्रियंका इंगळे, शेजारच्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. आपल्या भाषेची, आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातली लेक जगज्जेती झाली, त्या रात्री कुणी लिंक मागितली नाही. ज्या खेळावर सट्टा लागत नाही तो खेळ आपल्याला दिसत नाही काय?

सिनेमाचेही तेच. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला. लातूरसाठी तो महिना विसरण्यासारखा नाही. मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी येत होते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या माणसाने आपल्याच बोलीत, आपल्याच उसाच्या फडात आणि विहिरीवर एक चित्रपट उभा केला. तो चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच चोरीची प्रत मोबाइलांवर फिरत होती. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड 'भरून' मिळत असे. दुकानदाराला दहा रुपये द्यायला आपली हरकत नव्हती, हे ध्यानात घ्या. चित्रपट काढणाऱ्याला द्यायला होती. आणि चोरून पाहिला तो पाहिला, त्यातून घेतले काय? 'झिंगाट' वाजवून वरातीत अंगातले शर्ट काढून नाचलो. जातीबाहेर प्रेम केले म्हणून दोन लेकरांना पोरीच्याच घरच्यांनी कसे संपवले, हे जिथे दाखवले तो शेवट पाहून जरा गप्प बसलो, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कॉलेजच्या पोरीचा मोबाइल काढून घेतला.

लातूरच्या मातीतले म्हणून ज्या नटांचे फलक आपण लावतो, त्यांचाही नवा चित्रपट टेलिग्रामवर शोधतो. मग मराठी चित्रपट का चालत नाही, यावर पारावर चर्चा करतो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाखांचा दंड सांगितला गेला. घरी बसून पाहणाऱ्याच्या दारात सहसा पोलीस येत नाही. आपली नीती तेवढ्यावरच टेकलेली आहे : पोलीस येत नाही ना, मग चालू द्या.

आता या फुकटाचे बिल कोण भरतो ते पाहू. चोरीचा सामना दाखवणारा साधू नाही. तुम्हाला फुकट दाखवून त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न आडतीवर दहा वेळा काटा तपासणाऱ्या शेतकऱ्याला एकदाही पडू नये, याचे मला नवल वाटते. महाराष्ट्रातलेच प्रकरण घ्या. २०२३ चे आयपीएल सामने 'फेअरप्ले' नावाच्या सट्ट्याच्या ॲपवर बेकायदा दाखवल्याची तक्रार हक्कदार कंपनी वायकॉम १८ ने केली. महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला. ॲपची जाहिरात केल्यावरून सिनेसृष्टीतल्या नामवंतांना चौकशीला बोलावणे गेले, आणि २०२४ मध्ये ईडीने छापे घातले. सामना हे आमिष होते, गळ सट्ट्याचा होता.

हा गळ कसा लागतो ते आपल्या पोरांना ठाऊक आहे, बापांना नाही. आधी लिंक. लिंकच्या कडेला जाहिरात चमकते. मग कुणीतरी सट्ट्याचा 'आयडी' काढून देतो, पोरगा पाचशे रुपये टाकतो, पहिल्या दोन रात्री हजार निघतात. पोरगा मित्रांत मान वर करून फिरतो. महिनाभरात तोच पोरगा खताच्या दुकानात देण्यासाठी दिलेले पैसे तिकडे वळवतो, गाडी गहाण टाकतो, सावकाराकडून व्याजाने उचलतो. आणि तो हरणारच असतो. मैदानात चेंडू पडला की मोबाइलवर तो काही सेकंदांनी दिसतो. चोरीच्या लिंकवर त्याहून उशिरा. मैदानात बसलेल्या माणसाने फोन केला की सट्टा घेणाऱ्याला निकाल आधीच कळलेला असतो. रेणापुरातला पोरगा पडून गेलेल्या चेंडूवर पैसे लावतो. विकेट केव्हाच गेलेली असते, आणि हा षटकारावर डाव लावून बसलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले. "टीम लावली का?" ही रोजची विचारपूस थोडी थंडावली. परदेशातून चालणारे आयडी मात्र कायद्याला विचारून येत नाहीत. ते लिंकच्या वाटेनेच येतात. लिंकसोबत उतरवलेले अनोळखी ॲप मोबाइलमधले मेसेज वाचायची परवानगी मागते. आपण न वाचता 'हो' म्हणतो. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो, हे आठवते तेव्हा पीकविम्याचे जमा झालेले पैसे गेलेले असतात.

घरातली बाई या हिशेबात कुठे आहे? १९८७-८८ मध्ये रामायण लागायचे तेव्हा गल्लीत एकच टीव्ही असे आणि सगळी गल्ली समोर बसे. ते दिवस गोड करून सांगायचे मला कारण नाही. अनेक गावांत खालच्या आळीतल्या लेकरांनी ते उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिले. तरी बायका समोर बसलेल्या असत. आज चांगला मोबाइल गड्याच्या खिशात. तो रात्री अकरापर्यंत सामना बघतो, ती भांडी आवरून त्याच्या जेवणाची वाट बघते. लेकरू रडले की जुना, काच फुटलेला मोबाइल त्याच्या हातात. त्यावर काय चालू आहे हे आईला बघायला वेळ नाही आणि बापाला शुद्ध नाही. पोरगा आयडीत बुडाला की गळ्यातली पोत मोडते तिचीच.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडत, मग भाकरीला हात लावत. फुकटची भाकरी त्या माणसाने खाल्ली नाही. त्यांच्या नावाने आपण स्वच्छता अभियान राबवतो, पुतळ्याला हार घालतो, हार घालतानाचा फोटो ग्रुपवर टाकतो. आणि त्याच ग्रुपवर साडेसातला लिंक मागतो.

उपाय नाही असे नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठराव केला : संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, लेकरांचा अभ्यास. पुढे आपल्या शेजारी, उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही तशीच वाट धरली. त्या गावांना कुणी आकाशातून बळ पाठवले नव्हते. चार माणसे उठली, दारोदार फिरली, ज्यांनी थट्टा केली त्यांच्याही दारात गेली.

रेणापूर तालुक्यातल्या सरपंचांनो, गुरुजींनो, बचतगटाच्या ताईंनो, १ मेला गावोगाव ग्रामसभा असते आणि आयपीएल तेव्हा ऐन भरात असते. त्या सभेत हा विषय घ्या. ग्रुपचा ॲडमिन जो कोणी असेल त्याला सभेत उभे करून विचारा की लिंक टाकणाऱ्याला काढणार की नाही. आयडी काढून देणारा गावात कोण आहे, हे पोरांना माहीत असते. त्याचे नाव पोलिसांत द्या, तो पाहुणा असला तरी द्या. सामना पाहायचाच असेल तर पैसे भरून पाहा, घरातल्या टीव्हीवर पाहा, बायको-लेकरांना शेजारी बसवून पाहा. आणि कुणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर लाजेने दडवू नका : सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० आहे, आणि जितका लवकर फोन कराल तितकी रक्कम वाचण्याची आशा जास्त.