गरिबाच्या लेकराचा दात उपटायचा, श्रीमंताच्या लेकराचा वाचवायचा?

आठ-नऊ वर्षांचं लेकरू शाळेच्या पायरीवरून पडलं आणि त्याचा समोरचा दात अर्धा तुटला, तर पुढे काय होतं? बापाकडे पैसे असतील तर तासाभरात दाताचा डॉक्टर गाठला जातो, तुटलेला भाग बांधून मिळतो आणि दात आयुष्यभर टिकतो. बाप उसाच्या फडात कोयता चालवत असेल तर लेकराला हळद लावून गप्प बसवलं जातं. महिना-दोन महिन्यांनी हिरडीवर पू येतो आणि मग सरकारी दवाखान्यात एकच सल्ला मिळतो, काढून टाका. दात तोच, जखमही तीच. पण एकाचा दात वाचतो आणि दुसऱ्याचा उपटला जातो. हा फरक कोण ठरवतं, एवढाच आजचा मुद्दा आहे.

काही जण म्हणतील, एवढ्याशा दाताचं काय घेऊन बसलात? अत्याचार, आरक्षण, संविधान एवढे मोठे प्रश्न पडलेले असताना दातावर लेख? मित्रांनो, विषमता फक्त मोठ्या बातमीत दिसत नाही. ती लेकराच्या तोंडातही दिसते. भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडता येत नाही, रात्री ठणका लागून झोप येत नाही, वर्गात पोरं चिडवतात म्हणून लेकरू तोंडावर हात धरून बोलतं. मग ते फळ्यासमोर उभं राहायचं टाळतं. ज्या समाजाला बाबासाहेबांनी शिक्षणाचा मार्ग दाखवला, त्या समाजातलं लेकरू एका दातापायी वर्गात मागच्या बाकावर जात असेल तर तो आपला प्रश्न नाही का?

आधी दाताचं शास्त्र समजून घेऊ, कारण अज्ञानाचा फायदा व्यवस्था घेते. समोरचे वरचे कायमचे दात साधारण सात-आठ वर्षांच्या वयात येतात. दात वर दिसला तरी त्याचं मूळ पूर्ण तयार व्हायला पुढची तीनेक वर्षं लागतात. या काळात दात तुटून आतली नस उघडी पडली, तर वेळेवर औषध लावून ती नस जिवंत ठेवता येते आणि मूळ वाढत राहतं. उशीर झाला तर नस मरते, मूळ अर्धवट राहतं, दात कमकुवत होतो आणि उपचार लांबतो, महाग होतो. म्हणजे लेकराच्या तुटलेल्या दाताचा स्वस्तातला उपचार पहिल्या काही दिवसांत असतो. गरिबाला नेमके तेच दिवस मिळत नाहीत. उशीर त्याच्या माथी मारला जातो आणि नंतर उशिराचा दोषही त्यालाच दिला जातो.

आता बीड जिल्ह्याकडे या. दसरा-दिवाळी झाली की धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई भागातून टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, पार बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. लेकरं एक तर कोपीवर बरोबर असतात, नाहीतर गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. कोपीवरच्या लेकराचा दात तुटला तर आई-बापाने काम सोडून तालुक्याचा दवाखाना गाठायचा. म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि वर खाड्याचे पैसे कापले गेले. गावात आजीजवळच्या लेकराचा दात तुटला तर आजीला ना पैसे, ना वाहन, ना कुठे जायचं याची माहिती.

हिशेब मांडा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा कुठे टनामागे साडेतीनशेच्या पुढे आकडा गेला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोघांची मिळून सातशेच्या आसपास मजुरी, तीही उचलीत वळती होणारी. खाजगी दवाखान्यात रूट कॅनल आणि कॅप यांचे चार हजार धरले तरी दोन माणसांची सहा दिवसांची तोडणी एका दातात गेली. या हिशेबात 'काढून टाका' हा सल्ला आई-बाप का स्वीकारतात, हे वेगळं सांगायला नको. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्याने एकदा पहाटे चारला फडात उभं राहून दाखवावं.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज या विम्यात असलेल्या कामगाराचं लेकरू विमा रुग्णालयात जाऊन दातही दाखवू शकतं. मग साखरेच्या धंद्यातल्या ऊसतोड कामगाराचं लेकरू का नाही? कारण हा विमा हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ नाव घेऊन लिहिलेले आहेत. त्यातही तोडणी मजूर कारखान्याचा कामगार मानलाच जात नाही, तो मुकादमाचा माणूस. साखर कारखान्याची, नफा मालकांचा, राजकारण कारखानदारांचं आणि तुटलेला दात मात्र मजुराचा!

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी एक तत्त्व मांडलं होतं. कामगार स्त्रीच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे, म्हणून तिचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही. जवळपास शंभर वर्षं झाली. हे तत्त्व अजून बीडच्या कोपीपर्यंत पोहोचलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेत की! आहेत, म्हणूनच तर राग येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, आणि सापडलेल्या आजारावर मोफत उपचार. त्या आजारांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. कागदावर बीडच्या लेकराचा दात कधीच वाचलेला आहे.

प्रत्यक्षात काय? तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा ऊसतोड कामगाराचं लेकरू फडावर असेल, तर त्याची तपासणी करायची कोणी? पथकाने चिठ्ठी दिली तरी लेकराला घेऊन बीडला जायचं कोणी आणि कोणत्या दिवशी? दवाखान्यात दाताची खुर्ची असली तरी दात बांधायचं साहित्य नसेल, डॉक्टरची जागा भरलेली नसेल, तर त्या मोफत उपचाराचा अर्थ 'मोफत उपटून मिळेल' एवढाच उरतो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून २०२३ चा मोफतचा निर्णय तिथे लागू नाही. मराठवाड्यात शासकीय दंत महाविद्यालय एकच, छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे बीड शहरापासून सव्वाशे किलोमीटर. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना? पाच लाखांचं कवच म्हणून तिचे फलक चौकाचौकांत लागतात, पण ती मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. खुर्चीवर बसवून अर्ध्या तासात वाचवता येणारा लेकराचा दात त्या पाच लाखांत बसत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. मूळ पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलेलं. शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. दोन रुपये फी आणि आजारी बाईला वस्तीबाहेर आणायचं, या अटीवर आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. परतही तसंच. दिव्याच्या उजेडात पारा बघून न्यूमोनिया सांगितला आणि गेला. पुन्हा आला नाही. ती बाई वारली.

आज डॉक्टर हातमोजे घालतो, तोंडात बोटं घालून तपासतो, हा बदल खरा आहे आणि तो संघर्षाने आला आहे. पण त्या डॉक्टरने फी घेतली आणि उपचाराचा हात दिला नाही, तो हिशेब अजून संपलेला नाही. तेव्हा लेकराची आई वस्तीमुळे बाहेर राहिली, आज लेकरू दरपत्रकामुळे बाहेर राहतं. आणि ते दरपत्रक न परवडणारी घरं कोणाची आहेत, कोणत्या वस्तीत आहेत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या दंत तपासणी शिबिरांबद्दलही बोललं पाहिजे. मंडप, फलक, टूथपेस्टच्या ट्यूबा, फोटो. लेकराचं तोंड उघडायचं, 'कीड आहे, दात तुटलेला आहे' असं कागदावर लिहायचं आणि घरी पाठवायचं. उपचार कुठे? हक्काच्या जागी दान देऊन गप्प करायची ही जुनीच रीत आहे. आपल्या जयंती मंडळांनीही अशीच शिबिरं भरवून समाधान मानू नये. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात किती लेकरांचे दात बांधून होतात, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा मांडावाच. मात्र वर्गणीने दात बांधणं हा तात्पुरता आधार झाला. कायमची जबाबदारी सरकारची आहे. घटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य सांगतं. आणि पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी दवाखान्यात वेळेवर तातडीचा उपचार न मिळणं हा कलम २१ चा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. तो खटला रेल्वेतून पडलेल्या, दवाखान्यामागून दवाखान्यांनी परत पाठवलेल्या एका शेतमजुराचा होता, हे लक्षात ठेवा.

मग कार्यकर्त्याने करायचं काय?

१. वस्तीत ही माहिती पोहोचवा. लेकरू पडून बेशुद्ध झालं किंवा उलट्या झाल्या तर आधी मोठा दवाखाना गाठा. दाताचा तुकडा सापडला तर तो दुधात किंवा पाण्यात ओला ठेवून सोबत न्या, तो पुन्हा चिकटवता येऊ शकतो. कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, घाण असेल तर दुधाने हलकेच धुवा, जमलं तर जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवा आणि तासाभरात डॉक्टर गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका. मिश्री, तंबाखू, चुना लावू नका.

२. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तालुक्याच्या दवाखान्यात दंतचिकित्सकाची जागा आहे का, भरली आहे का, वर्षभरात किती दात काढले आणि किती भरले, हे विचारा. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की व्यवस्थेचं खरं तोंड दिसेल.

३. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत दात बांधायच्या साहित्याची मागणी लेखी द्या.

४. शाळा तपासणी टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्यापूर्वी व्हावी आणि हंगामात पथकाने कारखान्याच्या तळावरही जावं, अशी मागणी करा.

५. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घेतले जातात. त्यातून लेकरांच्या दातांचा आणि प्रवासाचा खर्च भागवावा, अशी मागणी करा.

६. आणि आपल्यातून बीडीएस झालेल्या भावा-बहिणींनो, तुमच्या पदवीत या वस्त्यांचा वाटा आहे. महिन्यातला एक दिवस वस्तीला द्या आणि रिकाम्या सरकारी जागा भरण्याच्या लढ्यात आमच्याबरोबर उभे राहा.

चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नव्हतो. तरी बाबासाहेबांनी १९२७ मध्ये तो सत्याग्रह केला, कारण माणूस म्हणून बरोबरीने जगण्याचा हक्क ओंजळभर पाण्यातही असतो. तोच हक्क लेकराच्या अर्ध्या तुटलेल्या दातातही आहे. यापुढे तुमच्या गावात कोणी 'काढून टाका' म्हणालं, तर आधी विचारा, 'वाचवता येत असताना का काढायचा?' आणि उत्तर लेखी मागा.

जय भीम! जय संविधान!